रानटर्कीला साद घालताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागच्या अंकात या सदरासाठी रानटर्कीच्या वसंतातल्या शिकारीविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत बंदूक, काडतुसे आणि कपडे यांच्याविषयी मोजकेच प्रश्न होते. बाकी सगळ्यांचा रोख एकाच गोष्टीकडे होता, ती म्हणजे झाडीआड असलेल्या नराला मादीचा आवाज काढून जवळ कसे आणायचे. त्यांपैकी निवडक प्रश्न पुढे घेतले आहेत. अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या तोंडी असलेले काही शब्द तसेच ठेवले आहेत : नराचे गडगडते आरवणे ते ‘गॉबल’, वर्षभराचा कोवळा नर तो ‘जेक’ आणि मादीची दोन सुरांची नेहमीची हाक ती ‘येल्प’. हंगामाच्या तारखा आणि वेळा राज्याराज्यांत वेगळ्या असतात व दर वर्षी बदलू शकतात, त्यामुळे रानात जाण्यापूर्वी आपल्या राज्याच्या वन्यजीव विभागाची चालू वर्षाची पुस्तिका वाचणे आवश्यक आहे.

प्रश्न : शिकारीचा सक्तीचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी यंदा प्रथमच परवाना काढला आहे. दुकानात लाकडी पेटीसारखा बॉक्स कॉल, पाटीसारखा स्लेट कॉल आणि तोंडात धरायचा डायफ्रॅम असे तीन प्रकार दिसले. सुरुवात कशाने करावी, आणि किती आवाज शिकावेत? (एक वाचक, पेन्सिल्व्हेनिया)

उत्तर : बॉक्स कॉलने करावी. आर्कान्सामधल्या डार्डनेल गावच्या हेन्री गिब्सन यांनी १८९७ साली या पेटीचे पेटंट घेतले आणि तेव्हापासून तिची मूळ रचना फारशी बदललेली नाही. वरून उघडी, अरुंद लाकडी पेटी, तिच्या दोन बाजूंच्या पातळ फळ्या आणि एका टोकाला स्क्रूने सैलसर बसवलेले, खालून किंचित गोलाई असलेले झाकण एवढेच तिचे भाग. झाकणाची ती गोलाई फळीच्या कडेवरून हलक्या हाताने ओढली की सुरुवातीला बारीक, उंच सूर निघतो आणि ओढ पूर्ण होता होता तो मोडून खालच्या, खरखरीत सुरावर उतरतो. ही मोड म्हणजेच येल्प. नवशिका माणूस झाकण उचलून पुन्हा टेकवत राहतो, त्यामुळे प्रत्येक येल्पच्या आधी एक ‘खट्’ ऐकू येते. झाकण कडेवरून न उचलता परत मागे आणावे आणि दाब फक्त ओढताना द्यावा. झाकणाच्या खालच्या बाजूला बिनतेलाचा खडू घासलेला असावा. तिथे बोट लागले तर त्वचेचा तेलकटपणा लाकडात उतरतो आणि पेटी मुकी होते, म्हणून खिशातून काढताना पेटी नेहमी बाजूने धरावी. पावसात ती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी, कारण ओल्या खडूवर सूर उठत नाही.

दुसरे वर्ष स्लेटला द्यावे. ती तळहातावर न ठेवता बोटांच्या टोकांवर धरावी, म्हणजे खालची पोकळी मोकळी राहते; काडी पेन्सिलसारखी पण थोडी कलती धरून, टोक न उचलता लहान अंडाकृती वळणे काढावीत. पृष्ठभाग गुळगुळीत झाला की पॉलिश पेपरने एकाच दिशेने घासावा. डायफ्रॅम सर्वांत शेवटी शिकावा, पण शिकावाच. नालाच्या आकाराच्या चौकटीत ताणलेले लॅटेक्सचे पापुद्रे टाळूला चिकटवून त्यांवरून श्वास सोडायचा असतो. सुरुवातीला घशात उलटी आल्यासारखे होते आणि ते आठवडाभरात जाते. त्याचा खरा उपयोग शेवटच्या मिनिटात होतो : नर तीस-चाळीस यार्डांवर आलेला असताना दोन्ही हात बंदुकीवर स्थिर ठेवून एक बारीक आवाज काढता येतो.

आवाज तीनच शिकावेत. येल्प, मग ‘क्लक’ म्हणजे ‘मी इथे आहे’ एवढेच सांगणारा एकटा, तुटक ठोका, आणि ‘पर्र’ म्हणजे चरताना समाधानाने काढलेली मऊ घरघर. या तीन आवाजांवर माणसे आयुष्यभर शिकार करतात. चौथा आवाज ओळखायला शिकावा आणि कधीही काढू नये, तो ‘पट्’. क्लकसारखाच, पण अधिक धारदार व झपाट्याने येणारा हा धोक्याचा इशारा आहे. नवख्याच्या हातून स्लेटवर जोरात काढलेला क्लक नेमका ‘पट्’ होतो आणि रान रिकामे होते.

सुराच्या गोडव्यापेक्षा ठेक्याकडे अधिक लक्ष द्यावे. रानातल्या कित्येक माद्यांचा आवाज घोगरा, फुटका असतो. नर त्यांच्याकडेही येतो. परंतु पाच ते सात येल्पची एक ओळ, तिच्यातली समान अंतरे आणि नंतरची लांब शांतता यांत चूक झाली तर तो बिचकतो. मार्च महिन्यात थंडीतले कळप अजून एकत्र असताना शेताच्या कडेला गाडीत बसून तासभर ऐकावे. दुकानातल्या कोणत्याही ध्वनिमुद्रणापेक्षा यातून जास्त शिकायला मिळते.

प्रश्न : पहाटे नेमके कुठे आणि कधी बसायचे? नर कोणत्या झाडावर आहे हे अंधारात कळणार कसे? (एक वाचक, ओहायो)

उत्तर : टर्की जमिनीवर चरते, पण रात्र झाडावर काढते, त्यामुळे शोध आदल्या संध्याकाळीच सुरू करावा. सूर्य मावळल्यानंतरच्या अर्ध्या तासात डोंगराच्या धारेवर उभे राहून ऐकले तर झाडावर चढताना होणारी पंखांची जड फडफड ऐकू येते आणि पुष्कळदा नर स्वतःहून एखादा गॉबल देतो. तो गप्प असेल तर घुबडाचा आवाज काढावा. पूर्व अमेरिकेतल्या जंगलांत बार्ड आउल जातीचे घुबड चार ठेके, पुन्हा चार ठेके आणि शेवटचा ठेका लांबवून खाली घसरवत घुमते. ‘हू कुक्स फॉर यू’ हे शब्द त्याच ठेक्यात बसतात. वसंतात नराच्या अंगात इतकी रग असते की अचानक आलेल्या मोठ्या आवाजाला तो विचार न करता उत्तर देतो. घुबड, कावळा, ढगांचा गडगडाट, गाडीचे दार, यांपैकी काहीही त्याला पुरते. मादीच्या आवाजाने नराला शोधू नये असे मी आग्रहाने सांगेन, कारण आपण अजून बसलेले नसताना तो सरळ चालत आला तर ती सकाळ संपलीच.

झाड कळले की दुसऱ्या दिवशी तांबडे फुटण्याच्या बऱ्याच आधी, टॉर्च न लावता, शंभर ते दीडशे यार्डांवर जाऊन बसावे. त्याहून जवळ गेलो तर फांदीवरून तो आपल्याला पाहतो. पहिली साद अगदी मंद असावी. झाडावरची मादी झोपेतून जागी होताना काढते तसे तीन दबके येल्प. त्याने उत्तर दिले की आपण गप्प बसावे. तो खाली उतरण्याच्या सुमारास टोपीने मांडीवर फडफड वाजवून, जोडीला भरभर काढलेले काही क्लक, एवढे केले की मादी झाडावरून उतरल्याचा त्याला भास होतो. झाडावर असतानाच नराशी गप्पा मारत बसणे ही नवशिक्यांची सर्वांत महागात पडणारी सवय आहे : मादी बोलते आहे, म्हणजे ती येईलच, असे धरून तो फांदीवरच थांबतो.

प्रश्न : गेल्या मे महिन्यात एका नराने माझ्या प्रत्येक येल्पला उत्तर दिले, पण ऐंशी यार्डांवर तो थांबला तो थांबलाच. तासाभराने गॉबल करीत निघून गेला. माझ्या आवाजात काय चुकले? (एक वाचक, मिसूरी)

उत्तर : बहुधा आवाजात काहीच चुकलेले नाही. आलेल्या पत्रांत हा प्रश्न सर्वाधिक वेळा आहे आणि माझ्या मते साद घालण्याची सगळी विद्या याच्या उत्तरात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

निसर्गक्रमात नर एके जागी पिसारा फुलवून गॉबल करतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. आपण मादीच्या आवाजात त्याला नेमके उलटे करायला सांगत असतो. आपण दहा वेळा येल्प केला आणि त्याने दहा वेळा उत्तर दिले, तर त्याच्या समजुतीने सगळे सुरळीत चालले आहे. मादी उत्सुक आहे, ती निघालीच असेल, थांबून वाट पाहिली की झाले. जितके आपण बोलतो तितका तो जागचा हलत नाही. शिवाय त्याचा कान आवाजाची जागा इतकी अचूक पकडतो की मादी ज्या ठिकाणाहून दिसायला हवी तिथपर्यंत तो येतो, उभा राहतो आणि पाहतो. तिथे मादी नसेल तर पुढे पाऊल टाकण्याचे त्याला कारण नाही. आपल्या ऐंशी यार्डांवर नेमके हेच झाले असावे : मोकळे रान, दूरवर नजर आणि आवाजाच्या जागी कोणीही नाही.

म्हणून पहिला निर्णय जागेचा असतो. नराला आपली जागा जिथून प्रथम दिसेल ते ठिकाण बंदुकीच्या टप्प्यात, म्हणजे साधारण चाळीस यार्डांच्या आत असले पाहिजे. लाकूडतोडीच्या जुन्या रस्त्याचे वळण, चढाचा माथा, झुडपांची कड, अशा जागी बसले की त्याला मादी शोधायला वळणापर्यंत यावेच लागते. आपण त्याच्या बरोबरीच्या किंवा थोड्या वरच्या उंचीवर असावे. आपल्या आणि त्याच्या मध्ये ओढा, तारेचे कुंपण किंवा काटेरी झाडोरा येऊ देऊ नये. त्याला उडता येते, पण मादीसाठी ओढा उडून यायला तो सहसा तयार नसतो.

हे मी पेन्सिल्व्हेनियाच्या उत्तरेकडच्या डोंगरात शिकलो. एका सकाळी ओढ्यापलीकडच्या नराला मी सव्वा तास साद घातली. तो प्रत्येक वेळी उत्तर देत होता, आवाज डावीकडे जात होता, उजवीकडे येत होता, आणि मला वाटत होते की तो वाट शोधतो आहे. तो निघून गेल्यावर मी ओढा ओलांडून पलीकडच्या रस्त्यावर गेलो. ओल्या मातीत वीस-पंचवीस पावलांच्या पट्ट्यात त्याच्या तीन बोटांचे ठसे एकमेकांवर उमटलेले होते आणि ठशांच्या दोन्ही बाजूंना बारीक समांतर रेघा होत्या : पिसारा फुलवून चालताना खाली सोडलेल्या पंखांची टोके जमिनीवर घासली होती. सव्वा तास तो त्याच पट्ट्यात येरझारा घालत होता. दुसऱ्या दिवशी अंधारातच ओढा ओलांडून मी त्या रस्त्याच्या वळणावर बसलो, उजाडल्यावर तीनदा साद घातली आणि गप्प राहिलो. अकरा मिनिटांत तो समोर होता.

नर अडकलाच, तर आधी मौन पाळून पाहावे. वीस मिनिटे एकही सूर काढू नये. फक्त हाताने पाचोळा उकरावा, दोन वेळा, एक क्षण थांबून पुन्हा एकदा, जसे मादी चरताना पायाने करते. पुष्कळदा गॉबल थांबतो आणि आपल्याला वाटते तो गेला. तो गेलेला नसतो, गुपचूप चालत येत असतो, म्हणून शेवटच्या गॉबलनंतर निदान अर्धा तास उठू नये. त्या वेळी कान जमिनीलगत ठेवावेत. पिसारा फुलवलेला नर ‘फ्स्ट्’ असा फुसकारा टाकतो आणि मागोमाग छातीतून इतकी खोल ‘डुम्म’ काढतो की ती ऐकू येण्याऐवजी आपल्याच छातीत जाणवते. ती जाणवली म्हणजे तो अगदी जवळ आहे.

मौनानेही काम झाले नाही तर आवाज दूर जाऊ द्यावा. दोघे असल्यास हे सोपे आहे : बंदूकधारी पुढे बसतो, साद घालणारा त्याच्या तीस-चाळीस यार्ड मागे असतो आणि नर अडकला की मान वळवून, नंतर मागे सरकत, परत जाणाऱ्या मादीसारखा आवाज काढतो. नर ज्या अंतरावर थांबू पाहतो ते अंतर मग बंदुकीच्या टप्प्यात पडते. एकटे असल्यास झाडामागे तोंड वळवून मंद येल्प करावा, त्यानेही बराच फरक पडतो.

प्रश्न : सकाळी सहाला पाच नर आरवत होते आणि आठनंतर रान एकदम शांत झाले. अशा वेळी घरी परतावे का? (एक वाचक, न्यूयॉर्क राज्य)

उत्तर : परतू नये. आठ वाजता नर गप्प झाले याचा अर्थ बहुधा माद्या त्यांच्याजवळ पोहोचल्या. त्या सोबत असताना त्याला आपल्या आवाजाची गरज नसते. परंतु मादी दिवसाला एक या हिशेबाने दहा-बारा अंडी घालते आणि त्यासाठी सकाळी उशिरा ती नराला सोडून घरट्याकडे सटकते. नऊ ते अकराच्या दरम्यान एकटा पडलेला नर पहाटेपेक्षा कितीतरी अधिक तयारीने येतो. या वेळी मिळालेला एक गॉबल पहाटेच्या वीस गॉबलच्या तोडीचा समजावा. आपल्या राज्यात वसंताचा हंगाम १ ते ३१ मे असा असून शिकार दुपारी बारालाच थांबवावी लागते, म्हणून हे दोन-तीन तास वाया घालवू नयेत. हंगाम पुढे सरकतो आणि माद्या खुडूक बसतात तसतसे एकटे नर वाढतात, त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात साद अधिक फळते असा माझा अनुभव आहे.

माद्या अजून सोबत असतानाही एक उपाय उरतो, तो म्हणजे कळपातल्या मुख्य मादीशी बोलणे. ती येल्प करील तसाच, तेवढाच, पण जरा वरच्या आवाजात येल्प आपण करावा. ती चिडून तुटक, भरभर ‘कटिंग’ करू लागली की तिचे वाक्य संपण्याआधीच आपले सुरू करावे. परक्या मादीला दटावण्यासाठी ती आपल्याकडे चालत येते आणि नर तिच्या मागे येतो.

प्रश्न : फोनवर टर्कीचे आवाज असलेली ॲप्स मिळतात. छोटा स्पीकर लावून ती वापरता येतील का? (एक वाचक, व्हर्जिनिया)

उत्तर : शिकारीसाठी नाही. बहुतेक राज्यांत टर्कीच्या शिकारीत विजेवर चालणारी साद कायद्याने बंद आहे. घरी कान तयार करण्यासाठी ॲप वापरावे आणि रानात फोन बंद ठेवावा.

प्रश्न : टेक्सासमध्ये आमच्या भागात झाडी विरळ आणि माळ मोठा आहे. पूर्वेकडच्या शिकाऱ्यांचे सल्ले इथे लागू पडतील का? (एक वाचक, टेक्सास)

उत्तर : काही पडतील, काही नाही. आपल्याकडची टर्की रिओ ग्रांदे या उपजातीची आहे. पूर्वेकडच्या ईस्टर्नपेक्षा तिच्या शेपटीच्या पिसांची टोके फिकट, मळकट पिवळसर असतात, पण साद घालणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक तिच्या राहणीत आहे. माळावर उंच झाडे कमी असल्यामुळे ओढ्याकाठच्या कॉटनवुड, पेकन किंवा लाइव्ह ओक अशा मोजक्या झाडांवर मोठे थवे रात्र काढतात आणि तोच रातथारा वर्षानुवर्षे वापरतात. त्या झाडांखाली बसून त्यांना उठवू नये. एकदा बिथरलेला थवा जागा सोडून गेला तर शेजाऱ्याच्या हद्दीत जातो, आणि टेक्सासमधली बहुतेक जमीन खाजगी असल्याने तो मग आपल्या हाती लागत नाही. त्याऐवजी थवा रातथाऱ्यावरून पाणी आणि चरण्याच्या जागेकडे ज्या वाटेने जातो त्या वाटेवर पुढे जाऊन बसावे. वारा जोराचा असतो म्हणून इथे मोठ्याने येल्प आणि कटिंग करायला हरकत नाही. मोकळ्यावर नराला आवाजाच्या जागी मादी दिसलीच पाहिजे, त्यामुळे वीसेक यार्डांवर एक नकली मादी ठेवणे इथे जास्त उपयोगी पडते.

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा माझ्यासोबत येणार आहे. साद घालताना कोणती काळजी घ्यावी? (एक वाचक, मिशिगन)

उत्तर : सर्वांत आधी त्याला एक गोष्ट पटवून द्यावी : आपण रानात बसून टर्कीचा हुबेहूब आवाज काढतो, अंगावर पाचोळ्याच्या रंगाचे कपडे घालतो आणि हालचाल करीत नाही, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याला आपण टर्की वाटावे अशी सगळी तयारी आपणच करतो. या शिकारीतले अपघात बहुतांशी असेच झाले आहेत की आवाजाकडे दबकत गेलेल्या माणसाने दुसऱ्या माणसावर गोळी झाडली. म्हणून टर्कीच्या आवाजाकडे कधीही दबकत जाऊ नये. पेन्सिल्व्हेनियासारख्या राज्यात तर वसंतात फक्त साद घालूनच शिकार करता येते.

बसताना आपल्या खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ टेकावी, म्हणजे मागून येणाऱ्यापासून आड मिळते आणि आकृतीही मोडते. लाल, पांढरा आणि निळा हे रंग अंगावर कुठेही नसावेत. आतला बनियन, मोजे, खिशातला रुमाल, खाऊचे वेष्टन, सगळे तपासावे, कारण वसंतातल्या नराच्या डोक्याचे रंग नेमके हेच आहेत. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवू नये, क्लकही करू नये. न हलता, स्पष्ट माणसाच्या आवाजात ‘इकडे माणूस आहे’ असे मोठ्याने इंग्रजीत सांगावे. सार्वजनिक जमिनीवर गॉबलचा आवाज काढू नये. त्याने नर येतो की नाही हा पुढचा प्रश्न आहे, पण शिकारी नक्की येतात. मारलेला पक्षी खांद्यावर उघडा टाकून न आणता भगव्या रंगाच्या पिशवीतून आणावा.

मुलाकडून सुरुवातीला बंदूक न देता साद घालवून घ्यावी. नर येताना दिसला की त्याने काहीही हलवायचे नाही, हे कळायला एक सकाळ पुरते. टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान किंचित वळवली की तिला चहूकडचे दिसते, आणि तिला रंगही उत्तम दिसतात. नराचे डोके झाडाआड गेल्यावरच बंदूक उचलायची, आणि छातीवरची दाढी, म्हणजे केसांसारख्या पिसांचा लोंबता झुपका, दिसल्याशिवाय घोड्याकडे बोट न्यायचे नाही. काही माद्यांनाही दाढी असते, म्हणून आपल्या राज्याचा नियम ‘नर’ म्हणतो की ‘दाढी असलेला पक्षी’ म्हणतो, हे त्याच्यासमोर वाचून दाखवावे.

प्रश्न : शरद ऋतूत नर सादेला येत नाहीत असे ऐकले. मग हंगाम ठेवतात कशासाठी? (एक वाचक, विस्कॉन्सिन)

उत्तर : शरदात ओढ जोडीदाराची नसून कळपाची असते. माद्या आणि त्या वर्षीची पिल्ले एकत्र चरत असतात. नियम परवानगी देत असतील तिथे शिकारी तो कळप चारी दिशांना पांगवतो, मध्येच बसतो आणि अर्ध्या तासाने हरवलेल्या पिल्लाची ‘की-की’ ही बारीक शिटी आणि मागोमाग कच्चे येल्प काढतो. पिल्ले एकमेकांना शोधत परत येतात. स्वतंत्र राहणारे मोठे नर मात्र फार उशिरा, कधी दुसऱ्या दिवशी एकत्र होतात, आणि तेव्हा त्यांना खोल, संथ, दोन-तीनच येल्प ऐकवावे लागतात.

प्रश्न : माझे आजोबा सांगत की पारधी तित्तिराचा आवाज काढून तित्तीर धरत. टर्कीची साद त्याच प्रकारची आहे का? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : विद्या एकाच घराण्याची आहे, पण ती वेगळ्या भावनेला हात घालते. विदर्भातले फासेपारधी पाळीव नर तित्तीर पिंजऱ्यात ठेवून त्याच्याभोवती फासे मांडत. पिंजऱ्यातला नर आरवला की त्या भागाचा मालक असलेला रानातला नर घुसखोराला हाकलण्यासाठी धावून येई. म्हणजे तित्तीर येतो तो रागाने, आणि वसंतातली टर्की येते ती मादीच्या ओढीने. टर्कीलाही रागाने बोलावता येते. नकली जेक समोर ठेवला की दोन-तीन वर्षांचा नर कधी कधी मादीकडे दुर्लक्ष करून त्यालाच लाथा मारतो, आणि दोन नरांच्या भांडणातली घरघर स्लेटवर काढली तर दूरचे नर पाहायला येतात. परंतु कळपातल्या थोराकडून नुकताच मार खाल्लेला नर अशा आवाजाने उलट पळ काढतो, म्हणून मी तो उपाय सर्वांत शेवटी ठेवतो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि तित्तीरही संरक्षित आहे, त्यामुळे ही विद्या आता फक्त पक्षी ऐकण्या-मोजण्यासाठी वापरता येते. विदर्भातले काही फासेपारधी तरुण आज त्याच जाणकारीवर संवर्धनाच्या कामात आहेत. अमेरिकेत शिकार चालू राहिली ती हिशेबाने. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेक राज्यांतून नाहीशी होत चाललेली टर्की, मोठी जाळी तोफेने उडवून पकडून, नव्या जंगलांत नेऊन सोडली. पेन्सिल्व्हेनियाचा वसंतातला हंगाम १९६८ पासूनचा आहे. सादेला उत्तर देणारा पक्षीच रानात नसता, तर वरच्या एकाही प्रश्नाला अर्थ उरला नसता.

प्रश्न : मला शिकार करायची नाही, फक्त छायाचित्रे काढायची आहेत. आमच्या घरामागच्या झाडीत मे महिन्यात टर्की येतात. त्यांना साद घालावी का? आणि नराच्या डोक्याचा रंग सारखा बदलतो तो का? (एक वाचिका, न्यू जर्सी)

उत्तर : आपल्या राज्यात १९७७ मध्ये टर्की पुन्हा आणून सोडली गेली, त्यामुळे आपल्या झाडीतले पक्षी त्या प्रयत्नाचे वंशज आहेत असे म्हणायला हरकत नाही. साद घालावी, पण स्वतःच्या आवारात आणि अगदी थोडी. मे महिन्यात मादी सव्वीस ते अठ्ठावीस दिवस खुडूक बसलेली असते. तिच्या घरट्याजवळ दुसऱ्या मादीचा आवाज सारखा येत राहणे बरे नाही. सकाळी एक ओळ येल्प, मग अर्धा तास काहीही नाही, एवढे पुरते. सार्वजनिक जंगलात हंगाम चालू असताना मात्र आपण कॅमेरा घेऊन साद घालू नये, आणि तिथे फिरताना भगवे जाकीट घालावे.

डोक्याच्या रंगाविषयी आपण विचारले याचा मला विशेष आनंद झाला, कारण त्याचे बारकाईने टिपलेले एक जुने वर्णन आपल्या बाजूचे, म्हणजे भारतातले आहे. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे नवे प्राणी नेले त्यांत एक टर्की होती. तिला काय नाव द्यावे हेही दरबारात कोणाला ठाऊक नव्हते. हा पक्षी रंगात आला की त्याचे डोके व मान पोवळ्यासारखी लाल होते, थोड्या वेळाने तीच कापसासारखी पांढरी दिसते, आणि चोचीवरचे मांस हत्तीच्या सोंडेसारखे खाली लोंबते, असे बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. उस्ताद मन्सूरने काढलेले तिचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे.

कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात किंवा आकसतात त्यानुसार हा रंग पालटतो, आणि साद घालणारा त्यावरूनच नराचे मन वाचतो. माथा पांढरा, गाल निळे, गळा लाल आणि सोंड लांब लोंबलेली असेल तर तो रंगात आहे. आपण काहीही न करता तो पुढे येईल, त्यामुळे त्या वेळी आवाज काढू नये. सोंड आखडून लहान झाली, पिसारा मिटला आणि मान दांड्यासारखी ताठ झाली तर त्याला शंका आली आहे. तेव्हा एक अगदी हलकी पर्र काढून पाहावी. तेवढ्यावरही तो ‘पट्’ म्हणाला, तर कॅमेरा होता तिथेच स्थिर ठेवावा आणि तो नजरेआड जाईपर्यंत जागचे उठू नये.